देवीची लस आणि जातीचा दंड

आमच्या आजीच्या डाव्या दंडावर जुन्या रुपयाएवढे दोन गोल व्रण होते. लहानपणी आम्ही त्यावर बोट फिरवायचो आणि ती म्हणायची, "देवी काढल्यात माझ्या." आमच्या पिढीच्या दंडावर जो व्रण आहे तो बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा. देवीची खूण असलेली माणसे आता वस्तीत मोजकीच उरली आहेत. ती गेली की या इतिहासाचा शेवटचा पुरावाही जाईल.

हा विषय आज काढण्याचे कारण वेगळे आहे. दर काही महिन्यांनी मोबाईलवर एक मजकूर फिरत येतो. इंग्रजांच्या हजारो वर्षे आधी आपल्या ऋषींना लसीकरण माहीत होते, धन्वंतरीच्या ग्रंथात गाईच्या फोडातला रस टोचण्याची रीत दिली आहे, जेन्नरने ती चोरली, वगैरे. आमच्यातलीही काही शिकलेली मुले हा मजकूर पुढे ढकलतात. त्यांना रागावून उपयोग नाही. इतिहास सांगावा लागेल, आणि तो सांगायचा तर थोडे विज्ञानही समजून घ्यावे लागेल. लस टोचल्यावर शरीरात काय होते, रोगी माणसाच्या शरीरातून विषाणू बाहेर कसा पडतो आणि तो कशाने अडतो, हे कळले की या दाव्यातली लबाडी आपोआप दिसते. आणि तो मजकूर कधीच विचारत नाही असा एक प्रश्नही पुढे येतो: ही लस पिकली कुणाच्या दंडावर?

आधी त्या धन्वंतरीच्या ग्रंथाचा निकाल लावू. 1819 साली 'मद्रास कुरियर' या इंग्रजी वृत्तपत्रात एक पत्र छापून आले. लेखकाचे टोपणनाव 'कल्वी विरुंबोन', म्हणजे तमिळमध्ये विद्येची आवड असणारा. 'शाक्तेय ग्रंथ' नावाच्या संस्कृत पोथीत गाईच्या किंवा माणसाच्या फोडातला द्रव सुईने दंडात टोचण्याचे वर्णन आहे, असा त्याचा दावा होता. हे पत्र युरोपातल्या वैद्यकीय पुस्तकांत उतरले, तिथून विश्वकोशात गेले, आणि तिथून परत भारतात येऊन 'आपल्या पूर्वजांचे ज्ञान' झाले. मूळ पोथी मात्र आजपर्यंत कुणी दाखवलेली नाही. डॉमिनिक वुयास्टिक या संस्कृतच्या अभ्यासकाने 1987 मध्ये या सगळ्या प्रवासाची चिकित्सा केली आणि त्याला पवित्र हेतूने केलेली फसवणूक म्हटले. हेतू पवित्र अशासाठी की त्या काळात कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना लस लोकांच्या गळी उतरवायची होती. धर्मग्रंथाचा आधार दिला की ब्राह्मण मान्य करतील आणि ब्राह्मणांनी मान्य केले की बाकीचे करतील, असा त्यांचा हिशेब. मद्रासमधला एफ. डब्ल्यू. एलिस हा अधिकारी तर शक्तिदेवी आणि धन्वंतरी यांचा संवाद रचून लशीचा प्रचार करू पाहत होता. ज्याला आज आपले प्राचीन विज्ञान म्हणून मिरवले जाते, ते साहेबाने ब्राह्मणी मान्यता मिळवण्यासाठी केलेल्या उद्योगाचे उरलेले तुकडे आहेत. यात गंमत वाटत असेल तर हसून घ्या.

पण खरेपणाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लस येण्यापूर्वी भारतात, विशेषतः बंगालात, देवीची एक टोचणी खरोखर होती. जे. झेड. हॉलवेल या इंग्रजाने 1767 मध्ये लंडनच्या वैद्यांसाठी तिचे सविस्तर वर्णन लिहिले. वृंदावन, अलाहाबाद, काशी अशा ठिकाणचे ब्राह्मण ठरावीक मोसमात बंगालात फिरत आणि आदल्या वर्षीच्या रोग्यांच्या फोडातला जपून ठेवलेला द्रव लोकांच्या हातावर टोचत, असे तो सांगतो. ब्राह्मणच नव्हे, तर माळी, न्हावी आणि मुसलमान टिकादारही हे काम करत. चीन, तुर्कस्तान, आफ्रिका इथेही अशा पद्धती होत्या. तेव्हा हे ज्ञान कुणा एका वर्णाची मिरास नव्हती, आणि ते अंधश्रद्धा म्हणून उडवून लावण्यासारखेही नव्हते. निसर्गतः देवी झालेल्या दर शंभरांत वीस-तीस माणसे मरत. टोचणी केलेल्यांत एक-दोन. हा फरक लहान नाही.

मग टोचणी आणि लस यांत फरक काय? सगळा मुद्दा इथे आहे. टोचणीत वापरला जाई तो खरा देवीचा विषाणू. श्वासातून आत शिरण्याऐवजी तो कातडीतून शिरे, म्हणून आजार सौम्य होई, एवढेच. टोचलेल्या माणसाला देवीच होत. त्याच्या अंगावर फोड येत, तो इतरांना लागण देई आणि ज्याला ती लागण होई त्याची देवी सौम्य असण्याची कसलीही खात्री नसे. म्हणजे टोचून घेणारा स्वतः वाचे आणि काही दिवस विषाणू बाहेर टाकत राही. शेजारी ज्याला टोचणी परवडली नाही, ज्याच्या दारात टिकादार गेलाच नाही, त्याने मरायचे. स्वतःपुरते संरक्षण विकत घ्यायचे आणि धोका सार्वजनिक करायचा. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी असल्यामुळे आम्हाला यात एक ओळखीची रचना दिसते. पण त्या काळच्या टिकादाराला विषाणू माहीत नव्हता, म्हणून त्याला दोष देत नाही. 1865 मध्ये कलकत्ता आणि परिसरात या टोचणीवर कायद्याने बंदी आली ती याच कारणाने.

एडवर्ड जेन्नरने 14 मे 1796 रोजी सेरा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. हा द्रव गोस्तनदेवीचा होता, माणसाच्या देवीचा नव्हता. विषाणू जवळच्या कुळातला, म्हणून शरीर त्याच्याविरुद्ध जी प्रतिपिंडे तयार करते ती माणसाच्या देवीलाही ओळखतात. पण तो स्वतः देवी आणू शकत नाही. लस घेतलेल्या मुलापासून गावात देवीची साथ पसरणे शक्यच नव्हते. धन्वंतरीच्या नावाने पोस्ट टाकणाऱ्याने एवढा फरक समजून घेतला तरी पुष्कळ झाले.

आता दंडाकडे येऊ. लस टोचल्यावर तीन-चार दिवसांत तिथे लहानशी पुळी येते. ती पाण्याने भरते आणि सात-आठ दिवसांनी टपोरी होते. या दिवसांत त्या पुळीत विषाणू वाढत असतो. शरीराची प्रतिपिंडे साधारण दहाव्या दिवसाच्या सुमारास जोर धरतात, विषाणू संपू लागतो, पुळी वाळते, खपली धरते, तीन आठवड्यांनी खपली पडते आणि व्रण राहतो. याचा अर्थ, आठवा दिवस हा त्या दंडावरचा सगळ्यात सुपीक दिवस. विषाणू भरपूर आणि प्रतिपिंडे अजून यायची आहेत. जेन्नरच्या काळापासून लस टोचणारे नेमके याच दिवशी मुलाला परत बोलावत, पुळी फोडत आणि त्यातला द्रव पुढच्या मुलाच्या दंडात भरत. त्यांना प्रतिपिंडांचा पत्ता नव्हता, अनुभवाने दिवस सापडला होता. मराठीत आपण ज्याला लस म्हणतो तो शब्द मुळात याच द्रवाचा आहे. जखमेतून लस वाहते, असे आजही आपल्या आया म्हणतात. इंग्रजी शब्दात गाय आहे, आपल्या शब्दात माणसाची जखम आहे.

शीतपेटी नव्हती, बाटलीत लस टिकत नव्हती. उन्हाळ्याच्या देशात तर दोऱ्यावर वाळवून आणलेली लस वाटेतच मरे. तेव्हा लस जिवंत ठेवायची तर एकच जागा होती, लहान मुलाचे अंग. दंडावरून दंडावर, आठवड्यामागून आठवडा, साखळी तुटू द्यायची नाही. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करत लस मुंबईला पोचली आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. भारतातली ही पहिली यशस्वी देवीची लस. तिच्या दंडावरच्या पुळीतून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलांना टोचले गेले आणि तिथून पुण्याकडे, मद्रासकडे, कलकत्त्याकडे लस गेली. आपल्या आजी-आजोबांच्या दंडापर्यंत येणाऱ्या या गोष्टीची सुरुवात एका तीन वर्षांच्या पोरीपासून होते. तिचा गुण म्हणून डॉक्टरांनी नोंदवले आहे ते एवढेच, की ती फार शांत स्वभावाची होती. म्हणजे रडली नाही.

अशी मुले कुठून आणायची? जगभर याचे उत्तर एकच निघाले. 30 नोव्हेंबर 1803 रोजी स्पेनच्या राजाच्या आज्ञेने बाल्मिस नावाचा डॉक्टर लस घेऊन अमेरिका खंडाकडे निघाला तेव्हा त्याच्या जहाजावर बावीस अनाथ मुले होती, जोडीजोडीने टोचत नेण्यासाठी. क्युबात मुले कमी पडली तेव्हा त्याने तीन गुलाम मुली विकत घेतल्या. भारतात अनाथालये आणि गुलामांचे बाजार शोधण्याची तेवढी गरज पडली नाही. इथे जात होती.

डेव्हिड आर्नोल्ड यांच्या 'कॉलोनायझिंग द बॉडी' या 1993 च्या ग्रंथात याची चर्चा आहे. आपल्या मुलाच्या दंडातून लस काढू द्यायला कुणीच आईबाप राजी नसत. ताप आलेल्या, दंड सुजलेल्या पोराची पुळी पुन्हा फोडायची, ती चिघळण्याचा धोका घ्यायचा, आणि तेही परक्यासाठी. ज्याला नाही म्हणता येत होते त्याने नाही म्हटले. उरले ते गरीब आणि खालच्या मानलेल्या जातींतले, ज्यांना चार पैसे देऊन किंवा दरडावून नेता येई. लस वाहून नेणारी मुले बव्हंशी अशा घरांतली. आणि मग तक्रार सुरू झाली ती सवर्णांची. खालच्या जातीच्या पोराच्या अंगातली लस आमच्या मुलाच्या अंगात? धर्म बुडेल! लसीकरण अधिकाऱ्यांपुढे हा आक्षेप पुन्हा पुन्हा येत राहिला.

इथे जरा थांबून बघा. आठव्या दिवशी ज्या मुलाच्या दंडातून विषाणू बाहेर पडत होता तो विषाणू जीव वाचवणारा होता. त्या मुलाच्या शरीराने सात दिवस ताप सोसून तो वाढवला होता. आणि जातीच्या नजरेला त्यात दिसला तो विटाळ. दंडावरून दंडावर लस देण्यात खरा धोका होता, हे आम्ही लपवत नाही. एका मुलाचा उपदंश किंवा दुसरा आजार पुढच्या मुलांत जाऊ शकत असे. इटलीतल्या रिवाल्टा गावात 1861 मध्ये तसे घडलेही, आणि इंग्लंडने 1898 मध्ये ही पद्धत बंद केली. पण तो धोका जात बघून ठरत नव्हता. जातीने निरोगी आणि आजारी मुलात फरक केलाच नाही, तिने फक्त कुळ विचारले. संसर्ग मोजता येतो, तपासता येतो, काही दिवसांनी संपतो. विटाळ जन्मभर टिकतो आणि पुढच्या पिढीतही जातो. ज्या समाजाने दोन हजार वर्षे स्पर्शाचे एवढे नियम केले, त्याला स्पर्शातून रोग कसा पसरतो हे शोधता आले नाही, कारण त्याचे नियम रोगासाठी नव्हतेच.

मुंबई इलाख्यात 1877 चा लसीकरण कायदा झाला आणि 1880 मध्ये देशातल्या नगरपालिकांसाठी कायदा आला. शतकाच्या अखेरीला माणसाच्या दंडाऐवजी वासराच्या अंगावर लस पिकवायला सुरुवात झाली आणि पुढे बेळगावला लस संस्था उभी राहिली. तुम्हाला वाटेल आता तरी सवर्ण तक्रार मिटली असेल. नाही. आता वासरू आडवे आले. गोमातेच्या लेकराला कापून काढलेला रस हिंदूने कसा घ्यायचा? गांधींनी 1913 च्या सुमारास आरोग्यावर लिहिलेल्या लेखमालेत देवीची लस घाणेरडी आणि धर्माविरुद्ध ठरवली आणि ती घेणे म्हणजे गोमांस खाण्यासारखेच मानले. 1930 मध्ये साबरमती आश्रमात देवी आल्या, काही मुले दगावली, तरी त्यांचे मत बदलले नाही. आपल्या मुलांवर हा प्रयोग करण्याचा अधिकार आश्रमवासीयांना असेलही, पण गावकुसाबाहेरच्या माणसाला अशी चैन परवडणारी नव्हती.

याच्या शेजारी महाड ठेवून बघा. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी 108 घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातले गेले. गाईचे शेण पिण्याच्या पाण्यात चालते. गाईच्या वासरापासून केलेली, जीव वाचवणारी लस चालत नाही. अस्पृश्याच्या ओंजळीने पाणी बाटते, अस्पृश्याच्या पोराच्या दंडातल्या लशीने धर्म बाटतो. या सगळ्याला एक धागा आहे आणि तो आरोग्याचा नाही.

चवदार तळ्याच्या लढ्यामागे सी. के. बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला 4 ऑगस्ट 1923 चा ठराव होता, हे आपल्याला पाठ आहे. पण त्या ठरावाचा उल्लेख आपण पाणवठे आणि शाळा एवढ्यावर थांबवतो. सार्वजनिक दवाखानेही त्या ठरावात होते. दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, असा ठराव करावा लागतो याचा अर्थ काय? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. 1929 मध्ये ती पत्ररूपाने छापून आली होती. बाळंतीण बायको तापाने फणफणलेली, आणि हिंदू डॉक्टर तिला हात लावायला तयार नाही. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच मार्गाने ते परत आले. बाई वाचली नाही. लस टोचायची तर दंड हातात धरावा लागतो. प्रतिपिंडे तयार होण्याआधी कुणीतरी स्पर्श करावा लागतो. वैद्यकाच्या इतिहासाच्या पुस्तकांत लशीचा शोध, लशीची वाहतूक, लशीचे कायदे सगळे सापडते, स्पर्शाचा हा प्रश्न क्वचितच सापडतो.

आणि ज्यांना हात लावायचा नाही त्यांच्या वाट्याला काय काम दिले होते? देवीचा विषाणू रोग्याच्या तोंडातल्या आणि घशातल्या फोडांतून थुंकीत, श्वासात येतो. अंगावरचे फोड फुटले की पू आणि खपल्यांसोबत कपड्यांत, अंथरुणात जातो. रोग्याचे कपडे धुणाऱ्यांना लागण झाल्याच्या नोंदी इंग्लंडमध्येही आहेत. आपल्याकडे मेलेल्याच्या अंगावरचे वस्त्र कुणी घ्यायचे, हे मनुस्मृतीने आणि गावाच्या रीतीने आधीच ठरवून ठेवले होते. वतनाच्या नावाखाली मढ्याची वर्दी द्यायची, सरकारी माणसाच्या पुढे धावायचे, सगळ्या घरांच्या दारांत उभे राहायचे, हे महारांचे काम. बाबासाहेब 1928 मध्ये वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक घेऊन उभे राहिले तेव्हा त्यांचा मुद्दा वेठ आणि स्वाभिमान हा होता. त्यात आरोग्याची बाजूही दडलेली आहे, असे आम्हाला वाटते. शेवटी रोगाला नाव मिळाले 'देवी', आणि देवीचा कोप शमवायला मरीआईचा गाडा ओढायला, अंगावर आसूड मारून घ्यायला पोतराजही आपलाच. 1956 नंतर वस्त्यावस्त्यांतून मरीआई गेली, हे केवळ धर्मांतर नव्हते. रोग म्हणजे कोप नाही, रोगाला कारण असते, हे समजणे त्यात होते. सगळे उत्पन्न होते ते कारणामुळे, हा तथागतांचा विचार साथीच्या रोगाइतका दुसरीकडे कुठेच इतका उघड दिसत नाही.

आता कारण-परिणामाच्या बाजूने थोडे पुढे जाऊ, कारण इथे आपल्या देशातल्या संशोधकांचे मोठे काम आहे आणि ते आपल्या मुलांना माहीत नाही. मद्रासच्या संसर्गजन्य रोग रुग्णालयात डॉ. ए. रामचंद्र राव यांनी देवीच्या जवळजवळ 7,000 रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. कधीच लस न घेतलेल्यांपैकी 35 टक्क्यांहून जास्त दगावले. कधीतरी, बहुधा लहानपणी, लस घेतलेल्यांपैकी 6 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जुनी लस आजार दरवेळी अडवत नव्हती, पण मरण पुष्कळ अडवत होती.

कोलकात्यात जे. के. सरकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात त्याहून नाजूक प्रश्न हाती घेतला. रोग्याच्या घरातल्या, रोज त्याच्याजवळ असणाऱ्या माणसांच्या घशातून त्यांनी नमुने घेतले. साधारण दहा टक्के लोकांच्या घशात देवीचा विषाणू सापडला, आणि त्यातल्या बहुतेकांना देवी झाल्याच नाहीत. विषाणू घशात येऊन शिरकाव करू पाहत होता आणि शरीर त्याला थोपवत होते. दुसऱ्या अभ्यासात त्यांनी संपर्कातल्या लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडे मोजली. रक्तद्रव वीस पट पातळ केला तरी विषाणूला निकामी करू शकतो का, ही कसोटी. ज्यांचे रक्त या कसोटीला उतरले नाही अशा 43 जणांपैकी 6 जणांना देवी झाल्या. उतरले अशा 233 जणांपैकी फक्त 2 जणांना. त्याच सुमाराला पाकिस्तानात झालेल्या अशाच एका अभ्यासात ही रेषा बत्तीस पट पातळ करण्याच्या आसपास निघाली.

या आकड्यांतून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, प्रतिपिंडे म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे, 233 मधल्या त्या दोघांना विसरू नका. कोरोनाच्या काळात "लस घेऊनही झाला, मग लशीचा उपयोग काय?" असे वस्तीत ऐकून ऐकून आमचे कान किटले, त्याला हे उत्तर आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लस घेतलेल्याला देवी झाल्याच तर प्रतिपिंडांची आठवण असलेले शरीर लवकर जागे होई. फोड कमी येत आणि लवकर वाळत. जिथून विषाणू बाहेर पडायचा ती घशातली जागाच कमी होई. न टोचलेल्या रोग्याच्या शरीरात प्रतिपिंडे जोर धरेपर्यंत आजाराचा जवळपास आठवडा उलटून जाई, आणि पुरळ आल्यानंतरचा पहिला आठवडाच सगळ्यात जास्त संसर्गाचा. एका खोलीत आठ माणसे झोपतात तिथे हा एक आठवडा म्हणजे किती, हे आम्ही वस्तीत काम करणाऱ्यांनी सांगायला नको.

लशीचा स्वतःचा विषाणूही दंडातून बाहेर पडतो, हे वर सांगितलेच. ज्याच्या जोरावर शंभर वर्षे लस जगली, तोच आता धोका मानला जातो. कातडीचे आजार असलेल्याला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला तो लागू शकतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले, की लस टोचल्यानंतर सातव्या दिवसापासून त्या जागी पोव्हिडोन आयोडिनचे मलम लावले तर कातडीवरचा विषाणू झपाट्याने निकामी होतो आणि प्रतिपिंडे मात्र तितकीच तयार होतात. हे मलम म्हणजे आपल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारे ते तपकिरी मलम. शरीराला जो धडा घ्यायचा तो सात दिवसांत घेऊन झालेला असतो, पुढची वाहणारी लस त्या शरीराच्या उपयोगाची नसते. हे वाचले तेव्हा आम्ही बराच वेळ त्या 'सातव्या दिवसा'पाशीच थांबलो. आज मलम लावून ज्या दिवशी दंड झाकायचा, त्याच्याच दुसऱ्या दिवशी पूर्वी पोराला उभे करून पुळी फोडत होते.

शेवटच्या लढाईचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. 1967 पासून जागतिक आरोग्य संघटनेने मोहीम तीव्र केली. सगळ्यांना टोचत बसण्यापेक्षा रोगी शोधा, त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचा, हे धोरण आले. दोन टोकांची सुई आली. तिने लस कमी लागे आणि शिकलेला कुणीही स्वयंसेवक पंधरा टोचे मारून काम करू शके. तरीही 1974 मध्ये भारतात 1,88,000 हून जास्त रुग्ण आणि 31,000 हून जास्त मृत्यू झाले. त्यात बिहार सगळ्यात पुढे. मग घरोघर शोध, रोग्याच्या दारावर रात्रंदिवस पहारा, माहिती देणाऱ्याला बक्षीस. काही ठिकाणी रात्री दार तोडून, धरून टोचले गेले. जमशेदपूरजवळच्या हो आदिवासींच्या गावातल्या अशा एका रात्रीचे वर्णन मोहिमेतल्या डॉक्टरांनीच लिहून ठेवले आहे, आणि पॉल ग्रीनो या इतिहासकाराने 1995 मध्ये या जबरदस्तीवर निबंध लिहिला. आम्ही लशीच्या बाजूचे आहोत, याबद्दल शंका नको. पण ज्या दारात सरकार ना शाळा घेऊन आले ना पाणी, त्या दारात ते पहिल्यांदा आले तर मध्यरात्री सुई घेऊन आले. लोक बिचकले तर अडाणी कुणाला म्हणायचे?

भारतातली शेवटची नोंद 24 मे 1975 ची आहे. सायबान बीबी. आसामातले करीमगंज, रेल्वे स्टेशनचा फलाट. बांगलादेशातून आलेली, भीक मागून जगणारी बेघर बाई. घर नसल्यामुळे तिच्या दारावर पहारा बसवता येणार नव्हता. तिला इस्पितळात ठेवले आणि फलाटावर तिच्या आसपास आलेल्यांना शोधून टोचले. तिच्यापासून कुणालाही देवी झाल्या नाहीत. मुंबईतल्या तीन वर्षांच्या ॲनापासून करीमगंजच्या फलाटापर्यंत 173 वर्षे. पहिली मुलगी, जिचा दंड वापरला. शेवटची बाई, जिला झोपायला छप्पर नव्हते.

आपल्या घरी, वस्तीत साठीच्या पुढचे कुणी असेल तर त्यांच्या दंडाकडे बघा आणि विचारा. टोचायला कोण आले होते? घरात आले की गावकुसाबाहेर रांग लावली? दंड हातात धरला का? आधी कुणाच्या आळीत गेले, नंतर कुणाच्या? मरीआईचा गाडा तेव्हा निघत होता की बंद झाला होता? त्यांच्या शब्दांत, त्यांच्या बोलीत लिहून घ्या, गावाचे नाव आणि साधारण साल टाका, आणि आमच्याकडे पाठवा. चार जिल्ह्यांतून असे पंचवीस-तीस जबाब जमले तर पुढचा लेख त्यांचाच असेल.